डावा हात, कोपरापासून खाली

फलकावर लिहिलंय:
कांस्य. डावा हात, कोपरापासून खाली.
देव, मल्ल किंवा सारथी.
मूर्तिकार अज्ञात. समुद्रात सापडला.

सापडला.
जणू आपणहून किनाऱ्यावर चालत आला,
ओला, खांद्याविना.

मी थेमेलिना, या दालनाची राखणदार.
सकाळी आठला कुलूप काढते,
मऊ कुंचल्याने नखांतली धूळ झाडते
आणि फलक रोज मनातल्या मनात पुरा करते:
काढणारा स्केवोस, माझा बाप,
कालिम्नोस बेटावरचा स्पंजवाला,
हातावर पोट असलेला.

पाणी बावीस वाव खोल होतं.
वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की मधलं अंतर,
समुद्रसुद्धा शेवटी माणसाच्या मिठीनेच मोजायचा.
तळाच्या गवतात त्याला बोटं दिसली,
हिरवी, किंचित वळलेली,
कुणी ‘जरा थांब’ म्हणावं तशी.
त्याला वाटलं, साकेलारिस.
मागच्या हंगामात नळी तुटून खालीच राहिलेला साकेलारिस.
त्याने तो हात हातात घेतला
आणि हात निघूनच आला.

मग तो सरळ वर. घाबरून, न थांबता.
वाटेत थांबायचं असतं,
रक्तातली हवा निवू द्यायची असते,
आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
डेकवर त्याने तो उंच धरून सगळ्यांना दाखवला.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
दिवेलागणीपर्यंत कमरेखालचं सगळं
दगड.

संग्रहालयाने पावती दिली होती.
आईच्या ट्रंकेत आहे अजून, कापराच्या वड्यांखाली.
तिच्यावर वजन लिहिलंय, चार किलो सातशे.
पायांचं वजन
कुणी केलं नाही.

गेल्या वर्षी अथेन्सहून एक प्राध्यापक बाई आल्या.
म्हणाल्या, जे पुतळे चौकांत ताठ उभे राहिले,
ज्यांना हार पडले, ज्यांच्यापुढे शपथा झाल्या,
ते बहुतेक सगळे वितळवले गेले.
कुणाची नाणी झाली, कुणाचे तोफगोळे, कुणाच्या कढया,
एखादा अजून वाजत असेल शेळीच्या गळ्यात.
ज्यांची गलबतं बुडाली, तेच तेवढे उरले.
मी म्हटलं, बाई, माणसांचं उलट असतं.
त्या हसल्या नाहीत.
चांगल्या होत्या.

बाप पुढे तेवीस वर्षं धक्क्यावर खुर्चीत बसला.
जाळी विणायचा, अंजिरं खायचा, समुद्राला शिव्या द्यायचा
आणि पर्यटक त्याचे फोटो काढायचे, न विचारता.
समोरच जहाजमालकाचा संगमरवरी अर्धपुतळा होता.
त्यालाही कमरेखाली काही नव्हतं,
पण त्याला चौथरा होता,
आणि नाव, सोन्याच्या अक्षरांत.
कबुतरं मात्र दोघांना सारखीच मानायची.

मुलं विचारतात, या हातात काय होतं?
तज्ज्ञांत तीन मतं आहेत:
लगाम, पेला, दुसऱ्या कुणाचा तरी हात.
मी दर वेळी वेगळंच सांगते.
काल एका चिमुरडीला म्हटलं, चावी.
ती म्हणाली, खोटं. एवढी मोठी चावी नसते.
मग कपाळाला आठ्या घालून बराच वेळ
तिने आपली मूठ तशीच वळवून पाहिली,
अर्धी उघडी, अर्धी मिटलेली,
आणि काही न बोलता
तशीच धरून बाहेर गेली.

संध्याकाळी दिवे मालवताना
‘स्पर्श करू नये’ ही पाटी मीच पुसते.
दालनात तेव्हा कुणी नसतं.
यंदाच्या तपासणीत साहेब नोंद करून गेलेत:
तर्जनीवरचा हिरवा थर विरळ झाला आहे.
कारण अज्ञात.